एकही गोळी न झाडता : हुतूतू, खो-खो आणि आट्यापाट्यांची गोष्ट

१/
२७ जून १९८१. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील हेनिकर गावाजवळच्या जंगलात बारा माणसे रंगाच्या गोळ्या मारणाऱ्या बंदुका घेऊन उतरली. चार ठिकाणी चार रंगांची निशाणे ठेवली होती. चारही निशाणे मिळवून जो प्रथम बाहेर पडेल, तो विजेता. जगातील पहिला पेंटबॉल सामना म्हणून हा प्रसंग ओळखला जातो. तो जिंकला रिची व्हाइट नावाच्या, जंगलातच काम करणाऱ्या माणसाने. संपूर्ण सामन्यात त्याने एकही गोळी झाडली नव्हती.

२/
ती बंदूकही खेळासाठी घडवलेली नव्हती. तोडायच्या झाडांवर आणि गुरांवर दुरून खूण करता यावी म्हणून नेल्सन पेंट कंपनीने ती बाजारात आणली होती. पुढे खेळाचा उद्योग झाला आणि आज पुण्या-मुंबईच्या वेशीवरही तासाच्या दराने पेंटबॉल खेळता येतो. पहिल्या विजेत्याला उपयोगी पडले ते मात्र लपणे, हुलकावणी देणे आणि वेळ साधून पळणे. या तीन गोष्टींवर उभे असलेले सांघिक खेळ महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या खेळले गेले. त्यांचा इतिहास आणि ते खेळायचे कसे, हा या थ्रेडचा विषय.

३/
या खेळांचा सांगाडा एकच आहे. दोन बाजू, आखलेली सीमा आणि गोळीच्या जागी स्पर्श. स्पर्श झाला की गडी ‘मेला’. डाव फिरला की तो ‘जिवंत’ झाला. शब्दसंपत्तीही त्यांची स्वतःची : भिडू, गडी, चढाई, पकड, लोण, खो. पळापळीच्या खेळात ज्याच्यावर ‘राज्य’ येते, त्याला सगळ्यांमागे धावत सुटावे लागते. सत्ता मिळणे ही शिक्षा मानणारी अशी भाषा फक्त मुलांच्या खेळातच सापडावी.

४/
हे खेळ किती जुने? ‘कबड्डी चार हजार वर्षांपूर्वीची’, ‘खो-खो हा अभिमन्यूच्या चक्रव्यूहातून आला’ अशी विधाने समाजमाध्यमांवर नित्य फिरतात. महाभारतातील युद्धकथा आणि मैदानी खेळाचे नियम यांना जोडणारा पुरावा कोणी देत नाही. साम्य म्हणजे उगम नव्हे. भक्कम आधार मिळतो तो मध्ययुगीन मराठी साहित्यात. तुकारामांच्या गाथेत हमामा, हुंबरी, फुगडी, टिपरी, विटीदांडू या खेळांवर रचलेले अभंग आहेत. खेळाची रूपके श्रोत्याला समजत होती, म्हणूनच ती वापरली गेली. सतराव्या शतकातील गावात हे खेळ घरोघरी ठाऊक होते, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

५/
प्रथम हुतूतू. एका श्वासात ‘हुतूतूतू’ म्हणत प्रतिपक्षाच्या हद्दीत शिरायचे, जमेल तितक्यांना स्पर्श करायचा आणि दम तुटण्यापूर्वी मध्यरेषा गाठायची. एकाविरुद्ध अनेक अशी ही लढत. घड्याळाची गरज नाही, कारण खेळाडूची छाती हेच घड्याळ. हाच खेळ बंगालमध्ये हाडुडू, तमिळनाडूत सडुगुडु आणि आंध्रात चेडुगुडु या नावांनी ओळखला जाई. श्वास धरल्याची साक्ष देणारा उच्चार प्रत्येक प्रांताने आपापल्या जिभेला रुचेल असा निवडला आणि तोच खेळाचे नाव झाला.

६/
मेलेल्या गड्याचे काय करायचे, यावरून हुतूतूचे तीन प्रकार पडले. ‘संजीवनी’त प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक गडी उठतो. ‘गामिनी’त बाद झालेला बाहेरच राहतो, सगळा संघ गारद होईपर्यंत त्याची सुटका नाही. ‘अमर’मध्ये कोणी मरतच नाही; स्पर्श झाला तरी गडी मैदानात राहतो आणि समोरच्या बाजूला गुण मिळतो. आजच्या व्हिडिओ गेममध्ये ‘पुन्हा जिवंत होण्याचे’ जे नियम दिसतात, त्या सर्वांचा विचार गावच्या मैदानावर आधीच होऊन गेला होता. आजच्या कबड्डीने यांपैकी संजीवनीची पद्धत उचलली.

७/
गावागणिक वेगळे नियम असले तरी गावात अडचण येत नाही. दोन गावे समोरासमोर आली की भांडण सुरू होते. विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रातील आणि बडोदे संस्थानातील व्यायामसंस्थांसमोर हाच प्रश्न होता. १९२० च्या दशकात हुतूतूचे नियम एकत्र करण्याचे प्रयत्न झाले. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याचे नाव त्यात ठळकपणे येते. १९३८ मध्ये कलकत्त्याला भरलेल्या भारतीय ऑलिंपिक क्रीडास्पर्धांत या खेळाला स्थान मिळाले. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला आणि ‘कबड्डी’ हे नाव देशभर रूढ झाले. महाराष्ट्रातल्या खेळाडूंच्या तोंडचे ‘हुतूतू’ हळूहळू मागे पडले.

८/
येथे एक प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. हुतूतूचा प्राण स्पर्शात आहे. पकड म्हणजे चौघांनी एकाला कवटाळणे. कोणी कोणाला शिवायचे याचे कठोर निर्बंध असलेल्या समाजात हा खेळ कोण कोणाशी खेळू शकत होते? मैदानावर भेदभाव दिसत नव्हता असे कोणी म्हणेल; पण संघ निवडला जातानाच, आळी आणि वस्ती वेगळी असतानाच तो भेद होऊन गेलेला असे.

९/
क्रिकेटशी तुलना केली तर मुद्दा स्पष्ट होतो. पुण्यात घडलेले फिरकी गोलंदाज पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातील. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पण पुण्यातील हिंदू क्लबमध्ये मैदानाबाहेर त्यांना चहा वेगळ्या मातीच्या भांड्यातून दिला जाई. क्रिकेटमध्ये दोन खेळाडूंमध्ये चेंडू असतो. शिवाशीव पाळूनही सवर्णांना बाळूंची गोलंदाजी वापरता येत होती. बाळूंचे बंधू विठ्ठल यांना हिंदू संघाचे कर्णधारपद मिळायला १९२३ साल उजाडावे लागले. हुतूतूत अशी पळवाट नव्हती. एकतर एकमेकांना कवटाळायचे, नाहीतर खेळायचेच नाही.

१०/
म्हणूनच कबड्डीचा पुढचा प्रवास कुठून झाला, हे महत्त्वाचे ठरते. नियमपुस्तके जिमखान्यांत लिहिली गेली. खेळ वाढला तो मुंबईच्या गिरणगावात. लालबाग-परळच्या चाळींत कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार राहत. जागा अपुरी, पैसा कमी आणि पाळी संपल्यावरचा मोजका वेळ. अशा ठिकाणी खर्चाशिवाय खेळता येणारा खेळ रुजला. मंडळे उभी राहिली, रात्रीच्या दिव्यांखाली मातीच्या मैदानावर सामने रंगले. शंकरराव तथा बुवा साळवी यांनी या खेळाच्या संघटनेसाठी आयुष्य वेचले; त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो.

११/
आता खो-खो. कबड्डीत बळ आणि दम लागतो. खो-खोत वेग आणि शिस्त. आठ गडी एका रांगेत, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. नववा पाठलाग करतो. त्याला मधली रेषा ओलांडता येत नाही आणि एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही. पळणारा मात्र रांगेतून हवा तसा आरपार जातो. पाठलाग करणाऱ्याने बसलेल्या गड्याला मागून स्पर्श करून ‘खो’ म्हणायचे. तो उठून धावणार आणि खो देणारा त्याच्या जागी बसणार.

१२/
या नियमांतील युक्ती पाहण्यासारखी आहे. पळणाऱ्याला पूर्ण मोकळीक आहे, पाठलाग करणाऱ्याच्या पायात बेड्या. एकट्याने पाठलाग केला तर पळणारा कधीच सापडणार नाही. नऊ जणांनी मिळून, योग्य क्षणी योग्य माणसाला उठवले तरच तो सापडतो. नवशिके गडी जोरात धावतात आणि दमतात. जाणते गडी खो देऊन पळणाऱ्याला खांबाकडे रेटत नेतात आणि तेथे सूर मारून टिपतात. आजच्या प्रमाण मैदानाची लांबी २७ मीटर आणि रुंदी १६ मीटर. दोन टोकांना दोन खांब. पळणारे तीन-तीनच्या तुकडीने उतरतात.

१३/
खो-खोला नियमांची चौकट मिळाली पुण्यात. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये या खेळाचे नियम तयार केले. याच संस्थेच्या मैदानावर १९१९ मध्ये झालेल्या क्रीडास्पर्धांत अनवाणी धावणारे खेळाडू पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू गेले. एकाच मैदानावर गावचा खेळ नियमबद्ध होत होता आणि गावचा धावपटू जगाकडे निघाला होता. परकीय सत्तेखाली असलेला समाज आपल्या शरीराकडे नव्याने पाहू लागला होता, त्याची ही दोन रूपे.

१४/
हा काळच तसा होता. १९१४ मध्ये अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. त्याच वर्षी बडोद्यात दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांच्या ‘व्यायाम-ज्ञानकोशा’चे प्रकाशन सुरू झाले, १९४९ पर्यंत त्याचे दहा खंड निघाले. क्रिकेट, हॉकी, टेनिस यांच्या बरोबरीने आपल्या खेळांनाही मोजमाप, पंच आणि पुस्तक हवे, ही त्यामागची तळमळ होती. खेळ स्वदेशी राहिले. त्यांना मान मिळवून देण्याची रीत मात्र इंग्रजांकडून घेतली गेली.

१५/
या इतिहासात स्त्रिया कुठे होत्या? मैदान पुरुषांचे होते. स्त्रियांच्या वाट्याला माजघर, अंगण आणि ठरावीक सण आले. मंगळागौरीच्या रात्री फुगडी, झिम्मा, पिंगा हे खेळ पहाटेपर्यंत चालत. नऊवारी सावरत केलेली ती कसरत दमसासात कोणत्याही मैदानी खेळाला हार जाणारी नव्हती; पण त्याला कोणी क्रीडा म्हटले नाही, गुणफलक लावला नाही. विसाव्या शतकात शाळांमुळे चित्र बदलले. खो-खोला महागडे साहित्य लागत नाही आणि झोंबाझोंबी नाही, त्यामुळे मुलींच्या शाळांनी तो सहज स्वीकारला. राष्ट्रीय खो-खोत सर्वोत्तम पुरुष खेळाडूला ‘एकलव्य’ आणि सर्वोत्तम महिला खेळाडूला ‘राणी लक्ष्मीबाई’ पुरस्कार दिला जातो.

१६/
तिसरा खेळ आट्यापाट्या. मैदानात एकामागे एक नऊ आडव्या पाट्या आखायच्या आणि त्या सर्वांना मधोमध छेदणारी एक उभी पाटी. प्रत्येक आडव्या पाटीवर बचाव करणारा एक गडी. त्याने आपली पाटी सोडायची नाही. उभ्या पाटीवर धावण्याचा अधिकार ‘सूर’ या गड्याला. प्रतिपक्षाने हुलकावणी देत एकेक पाटी पार करायची, शेवट गाठायचा आणि पुन्हा परतायचे. येथे बळ निरुपयोगी आहे. डावा खांदा झुकवून उजवीकडून निसटणारा कृश मुलगा धष्टपुष्ट गड्याला सहज चकवतो. पेंटबॉलच्या मैदानातील आडोसे आणि कोंडी यांची खरी मजा ज्याला हवी, त्याच्यासाठी हा खेळ.

१७/
असेच खेळ दूरवर आढळतात. तमिळ भाषकांत किळित्तट्टु, फिलिपिन्समध्ये पातिन्तेरो, इंडोनेशियात गोबाक सोदोर, मलेशियात गालाह पांजांग. जमिनीवर रेघा, रेघांवर राखणदार आणि त्यांना चकवून पार जाणारे. कोणी कोणाकडून घेतले, हे सांगण्याची घाई इतिहासकाराने करू नये. जमीन आणि काठी एवढ्या साधनांवर माणसे ठिकठिकाणी सारखेच खेळ शोधू शकतात.

१८/
मग कबड्डी जगात गेली आणि आट्यापाट्या का मागे राहिल्या? काही कारणे मैदानावरच दिसतात. कबड्डीचे मैदान १३ बाय १० मीटर; चाळीच्या पटांगणात मावते. आट्यापाट्यांना लांबलचक जागा आणि काळजीपूर्वक आखणी हवी. कबड्डीत प्रेक्षकाची नजर एका चढाईवर खिळते. आट्यापाट्यांत एकाच वेळी नऊ ठिकाणी काही ना काही घडत असते. पंचांनाही अवघड, प्रेक्षकांनाही अवघड आणि पुढे दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यालाही अवघड. आजही या खेळाच्या स्पर्धा होतात, पण नव्या पिढीतील अनेकांनी तो केवळ आजोबांच्या तोंडून ऐकलेला असतो. खेळ वाईट होता म्हणून मागे पडला नाही. बदललेल्या शहरात त्याला जागा उरली नाही.

१९/
चौथा खेळ लगोरी. नेम धरून मारण्याची हौस भागवायची असेल तर पेंटबॉलला सर्वांत जवळचा हाच. सात चपट्या ठिकऱ्यांची चळत रचायची. एका बाजूने चेंडूने ती फोडायची आणि पळत-लपत पुन्हा रचायची. दुसऱ्या बाजूने चेंडू मारून त्यांना बाद करायचे. चळत रचण्यासाठी मध्यभागी यावेच लागते आणि तेथेच धोका सर्वाधिक; त्यामुळे एकाने चेंडूवाल्यांना स्वतःकडे ओढायचे आणि दुसऱ्याने ठिकऱ्या लावायच्या, अशी आखणी आपोआप सुचते. पूर्वी चिंध्यांचा चेंडू असे. उत्तरेत हाच खेळ पिट्टू किंवा सतोलिया म्हणून ओळखला जातो.

२०/
दोन छोट्या खेळांची नोंद हवी. ‘विषामृत’मध्ये ज्याला विष मिळाले तो जागीच थिजतो, मित्राने जोखीम पत्करून ‘अमृत’ दिले की सुटतो. स्वतः सुरक्षित राहायचे की दुसऱ्याला सोडवायचे, हा पेच दर मिनिटाला पडतो. ‘डबा ऐसपैस’मध्ये लपलेल्यांपैकी कोणीही धावत येऊन डबा उडवला की पकडलेले सगळे सुटतात. हे ‘ऐसपैस’ म्हणजे इंग्रजी ‘आय स्पाय’चे मराठी रूप असल्याचे मानले जाते. रिकामा पत्र्याचा डबा आणि साहेबाचा शब्द, दोन्ही मुलांनी आपल्या खेळात सामावून घेतले.

२१/
नियमबद्ध होण्याने काय मिळाले, याचे उत्तर अलीकडच्या नोंदींत आहे. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धांत कबड्डी पदकाचा खेळ झाली. २०१८ मध्ये जकार्तात इराणने पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारताला हरवले. भारतीयांना ते लागले. पण खेळ खरोखरच जगाचा झाल्याची ती खूण होती. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यांत भारतीय महिलांनी नेपाळला ७८-४० आणि पुरुषांनीही नेपाळलाच ५४-३६ असे नमवले. संपूर्ण संघ बाद झाल्यावर मिळणाऱ्या गुणांना आजही आंतरराष्ट्रीय नियमपुस्तक ‘लोना’ म्हणते. आपला ‘लोण’ तेहरानच्या पंचाच्या तोंडी गेला.

२२/
गमावले काय, तेही सांगितले पाहिजे. नियम एक झाले तेव्हा गावागावाचे पोटनियम पुसले गेले. लहान भावंडाला ‘लिंबूटिंबू’ म्हणून खेळात ठेवण्याची सोय नियमपुस्तकात बसत नाही. सात आणि नऊ या आकड्यांत न मावणारा भिडू बाहेर बसू लागला. माती जाऊन मॅट आली, पायात बूट आले, चढाईला तीस सेकंदांचे घड्याळ लागले. फुकटचा खेळ थोडा महाग झाला आणि खेळणारे बरेचसे प्रेक्षक झाले.

२३/
ज्यांना मित्रमंडळींसह प्रत्यक्ष खेळायचे आहे, त्यांच्यासाठी साधा हिशेब असा :
• आठ-दहा जण आणि थोडी मोकळी जागा : लगोरी किंवा विषामृत.
• चौदा जण आणि मऊ माती : कबड्डी. नवख्यांनी ‘अमर’ पद्धतीने खेळावे, म्हणजे कोणी बाहेर बसत नाही.
• अठरा जण आणि शाळेचे मैदान : खो-खो. खांब नसतील तर दोन झाडे चालतात.
• अठरा जण, लांब जागा आणि पांढरी फक्की : आट्यापाट्या. नऊ पाट्या जमत नसतील तर पाचांपासून सुरुवात करावी.
• झाडी, आडोसे आणि एक रिकामा डबा : डबा ऐसपैस.
लिंबूटिंबूंना अवश्य घ्यावे.

२४/
हे सर्व खेळ सांभाळण्यासाठी संग्रहालय पुरत नाही. त्यांना जागा लागते. गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले, चाळींची पटांगणे वाहनतळ झाली, शाळांची मैदाने आक्रसली. बंदूक भाड्याने मिळते, मैदान मिळेनासे झाले आहे. शहराच्या विकास आराखड्यात मैदानाचे आरक्षण उठवले जाते, तेव्हा तो निर्णय या खेळांच्या इतिहासाचाच भाग असतो. फक्त त्या वेळी त्याची बातमी आतल्या पानावर छापलेली असते. ती बातमी वाचण्याची सवय इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी लावून घ्यावी, आणि उरलेल्या मैदानांवर रविवारी सकाळी फक्कीने नऊ पाट्या आखाव्यात.